पानाची उजवी कड कापू नका, साहेब

प्रति,
विदर्भातलं जुनं रेकॉर्ड ज्यांच्या चाबीत आहे ते समदे साहेब, मॅडम, बाबूलोक, जिल्हा परिषद शाळांचे मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊ (आता तुमचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं हे माहीत आहे, पण तोंडात बसेपर्यंत तलाठीच म्हणू द्या),

नमस्कार जी.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. तालुक्याच्या गावी झेरॉक्स आन ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे माह्यं. पीक विमा, ई-केवायसी, उत्पन्नाचा दाखला हे बारमाही, आणि पोट्ट्यायच्या ॲडमिशन सुरू झाल्या की मग एकच काम, जात पडताळणी. तुमच्याकडे ज्या फाइली येऊन पडतात त्यातल्या कितीतरी आधी माह्या टेबलावर पडलेल्या असतात, म्हणून ओळख नसली तरी तुम्ही मले परके वाटत नाही.

हे पत्र तक्रारीचं नाही. म्हणजे थोडी तक्रार आहे, पण कोणत्या ऑफिसचं, कोणत्या माणसाचं नाव मी घेणार नाही, कारण जे माह्यासंग झालं ते एका ठिकाणचं नाही आणि कोणी वाईटपणानं केलेलंही नाही. कामाच्या रगाड्यात झालं. पण झालं ते सांगतो, थोडं लांबेल, वेळ असला तर वाचा.

मागच्या पावसाळ्यात एक म्हातारी मावशी नातवाच्या जात व्हॅलिडिटीचे कागद घेऊन दुकानात आली. नातू बाहेर गाडीवर मोबाईल पाहत बसला होता आन ही आत स्टुलावर. मी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र टाईप करून रायलो होतो, खापरपणजोबा, त्याच्याखाली पणजोबा, त्याच्याखाली आजोबा, चुलते, अशी नावं वाचत गेलो तर ती म्हणे, बापू, माह्या सासूचं नाव टाकलं काय? म्हणलं मावशी, यात बायायचं नाव नसते, बापाकडची रेघ असते फक्त. ती जरा वेळ त्या स्क्रीनकडं पाहत रायली, तिले वाचता येत नव्हतं, आन म्हणे, मंग हे समदे पोट्टे काय पऱ्हाटीले (कपाशीच्या झाडाले) लागले होते?

दुकानात दोघं-तिघं होते, सगळे हासले. मीही हासलो. पण दुकान बंद करताना डोक्यात आलं की मी शेकड्यानं वंशावळी टाईप केल्या, आन माह्या आबाच्या मायचं नाव मले माहीत नाही. घरी येऊन बाबाले विचारलं. बाबाचं वय पंचाहत्तर. त्यायलेही माहीत नाही! स्वतःच्या बापाच्या मायचं नाव माहीत नाही. म्हणे, ते मानमोडीच्या साथीत गेले दोघंही, आठ दिवसाच्या अंतरानं, आबा दोन वर्षाचे होते, चुलत्यानं वाढवलं. बस, घरात एवढीच गोष्ट, आणि ती इतक्या वेळा सांगितलेली की कोणी तिच्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात त्यानं फार माणसं नेली, देशातल्या सगळ्यात जास्त मार बसलेल्या भागात आपला नंबर लागते. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा त्याचा मोठा तडाखा, आणि त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, म्हणजे घरात ताप आन वावरात काहीच नाही. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली ती यामुळंच. हे सगळं पुस्तकात भेटते. पण पुस्तकात आमचा पणजोबा भेटत नाही, तो भेटला तर तुमच्या कपाटात भेटणार, म्हणून निघालो.

पहिले शाळेत गेलो, आबाचा दाखल खारीज, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याचं रजिस्टर पाहायले. जन्मतारीख १ जुलै. असणारच! आपल्या गावखेड्यात त्या पिढीतले अर्धे लोकं १ जुलैचे आहेत, गुरुजीनं पोराले पाह्यलं, दात पाह्यले, हात डोक्यावरून कानाले पुरते का पाह्यलं आन शाळेत बसवायच्या हिशोबानं तारीख ठोकून दिली. आमच्या घरात आबाचा वाढदिवस कोणी केला नाही ते बरंच झालं म्हणायचं. त्या रजिस्टरात पालकाच्या रकान्यात चुलत्याचं नाव. मायचा रकानाच नाही.

मंग कोतवाल बुक. ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो, गावात कोण जन्मलं कोण मेलं याची नोंद कोतवालाच्या बुकात राहायची, आणि आज जात पडताळणीत त्याच्याएवढा वजनदार कागद दुसरा नाही. कारण त्यात जातीचा रकाना आहे. अनुसूचित जातीले १० ऑगस्ट १९५०, जमातीले ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्याले २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीले १३ ऑक्टोबर १९६७, या तारखा मले पोरीच्या वाढदिवसाआधी आठवतात, कारण त्याच्या अगोदरचा कागद पायजे असते आणि गिऱ्हाईक तोच शोधत फिरते. म्हणून कोतवाल बुक उघडलं की सगळ्यायचं बोट थेट जातीच्या रकान्यावर जाते, माहंही गेलं इतके वर्षं. त्याच्या आजूबाजूले काय लिहिलं हे पाह्यलंच नव्हतं कधी.

नक्कल मागायचा अर्ज लिहायले बसलो तर कारण काय लिहू? रेकॉर्डचे बाबू म्हणे, व्हॅलिडिटी का? म्हणलं नाही. म्हणे, मंग वाटणीचं? कोर्टकेस? म्हणलं नाही जी, पणजीचं नाव पाहायचं आहे. ते चष्म्यावरून माह्याकडं असे पाह्यले की मले स्वतःलेच लाज वाटली. शेवटी 'शैक्षणिक काम' लिहिलं. खोटं लिहिलं. पण खरं लिहायले कारणच नाही आपल्याकडं, हे ध्यानात घ्या. त्या बाबूले मी दोष देत नाही, तो माणूस दिवसभर धुळीत, नाकाले रुमाल बांधून, लाल कपड्याचे बस्ते सोडतो आन बांधतो, कसर अंगावर उडते, आणि समोर पन्नास लोकं उद्या शेवटची तारीख आहे म्हणून ओरडून रायले असतात.

१९१६ मध्ये आबाचा जन्म सापडला. 'अमक्यास मुलगा'. एवढंच. पोराचं नाव नाही, कारण नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसते, आन मायचं नाव नाही, कारण तेव्हा तसा रकानाच नाही. जन्म देणारी कागदावर नाही, पाळण्यातलं आहे तेही बिननावाचं, कागदावर फक्त बाप.

मंग १९१८ चं मृत्यूचं पान. राजेहो, ते पान मी विसरू शकत नाही. एरवी आमच्या गावच्या बुकात महिन्याच्या दोन-तीन नोंदी, कुठं साप चावून, कुठं देवी, कुठं हगवण. ऑक्टोबर लागला आन पानामागं पान. कारणाच्या रकान्यात ताप. खाली ताप. खाली ताप. मंग लिहिणारा थकला असेल, त्यानं ताप लिहिणं सोडून दोन टिपक्या द्यायले सुरुवात केली, वरच्यासारखंच म्हणून, आणि त्या टिपक्या खालपर्यंत चालल्या आहेत. एका घरचे तीन-तीन लागोपाठ. वय ३०, वय २५, वय ६ महिने. आणि मध्येच एका तारखेपासून अक्षर बदललं. आधीचं बारीक, तिरपं, सुबक मोडी होतं, त्याच्यापुढं जाड, ओबडधोबड, रेघेखाली घसरलेलं. दहा-बारा दिवस असं, आणि मंग पुन्हा ते जुनं बारीक अक्षर आलं. म्हणजे लिहिणाराही आजारी पडला होता आन वाचला. मले त्या माणसाचं नाव माहीत नाही, माह्या नात्यातला नाही गोत्यातला नाही, पण ते अक्षर परत आलेलं पाहून मले बरं वाटलं, खरं सांगतो.

पणजोबा सापडला. वय २८. ताप. पण पणजी सापडली नाही. आठ दिवस पुढं पाह्यलं, महिना पाह्यला, १९२० पर्यंत पाह्यलं. बायायच्या नोंदी होत्या, 'अमक्याची बायको', 'तमक्याची माय', पण आमच्या घरची नाही. मले वाटलं पान फाटलं असेल. फाटलेले पानं आहेतच.

इथं मोडीचं सांगतो, कारण यात तुमचं आन आमचं दोघायचंही घोडं अडते. मी यूट्यूबवर मोडी शिकलो, तीन महिने रोज रात्री, आन अजूनही अडखळतो. रेघ आधी आखलेली, शब्द एकमेकात घुसलेले, ऱ्हस्व-दीर्घ एकच, म्हणजे दिन आणि दीन सारखंच, पूर्णविराम नाही, आणि लिहिणाऱ्यानं हात उचललाच नाही. वाचणारे लोकं आहेत, पण बोटावर मोजण्यासारखे, आणि २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली, कुणबी नोंदींचा शोध निघाला, तेव्हापासून त्यायले जेवायले फुरसत नाही. त्यात कागदावर उर्दू-फारसीचे शब्द. वल्द म्हणजे अमक्याचा पोरगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, साकिन म्हणजे राहणार. कुठं सन फसली, म्हणजे जुनं महसुली साल असते, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येते, फसली १३२८ म्हणजे १९१८. आणि जिल्हाही तोच नसते! आपला यवतमाळ जिल्हा १९०५ च्या आधी वणी जिल्हा म्हणून होता, आणि पुसद तालुका तेव्हा वाशिम जिल्ह्यात होता. पुसदकडचा माणूस १९०० चं काही शोधत यवतमाळातच चकरा मारत असला तर आधी वाशिमचं विचारून पाहा म्हणा. हे मले कोणी सांगतलं नाही, चार लोकायचे पैसे-दिवस वाया गेलेले पाहून समजलं.

परत मुद्द्यावर. पणजोबाचं वावर होतं, साडेचार एकर, धुऱ्यावर दोन मोहाचे झाडं, ते अजून आहेत. म्हणलं वावराचा कागद पाहू. हक्क नोंदीच्या जुन्या रजिस्टरात, १९३० नंतरच्या, आबाचं नाव लागलेलं, 'अज्ञान, पा. क. चुलता', म्हणजे पोरगं वयात आलेलं नाही आन पालनकर्ता चुलता. नक्कल भेटली, टाईप केलेली, सही-शिक्क्याची. शेरा या रकान्यात लिहिलं होतं 'निरंक'.

मी ती नक्कल घेऊन घरी आलो आणि माह्या हिशोबानं काम संपलं होतं. पण त्याच सर्व्हे नंबरची नक्कल चुलतभावाले कर्जासाठी पायजे होती म्हणून दोन महिन्यानं मी पुन्हा तिथं गेलो, त्या दिवशी बाबू रजेवर होते आणि त्यायच्या जागेवर एक नवीन पोरगी होती, नुकती लागलेली, तिनं सरळ रजिस्टरच माह्यापुढं ठेवलं, म्हणे काका तुम्हीच काढा पान, मले ते वाचता येत नाही. काढलं. आणि पाहतो तर शेऱ्याच्या रकान्यात, एकदम उजव्या कडेले, जिथून पान कसरीनं खाल्लेलं आहे तिथं, बारीक मोडीत तीन ओळी. दोन तास लागले मले. फोटो काढू देत नव्हते, वहीत अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं, मंग एका म्हाताऱ्या गुरुजीले दाखवलं. त्यायनं दोन मिनिटात वाचलं.

पोराची आई नामे अमुक, ही पाट लावून मौजे अमुक येथे गेली, सबब चुलता पालनकर्ता.

नाव होतं. तीन अक्षराचं. इथं लिहीत नाही, कारण भाऊबंदकी मोठी आहे आणि ते आधी घरच्यायनं पचवायचं आहे.

म्हणजे ती मेलीच नव्हती. बावीस-तेवीस वर्षाची बाई, नवरा तापानं गेला, कडेवर पोरगं, दुष्काळ. आमच्या जातीत पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, चालायचा (जात कोणती ते सोडा, रकान्यात आहे), पण पाट लावला की पोरगं इकडंच राहायचं. वावर तसंही पोराचं, मायले त्यात पोटापुरता हक्क. आणि १८५६ च्या विधवा विवाहाच्या कायद्यात कलमच होतं की विधवेनं दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतला तिचा पोटगीचासुद्धा हक्क संपला. हा कायदा आपण शाळेत समाजसुधारणेचा म्हणून पाठ केला, पाच मार्काले यायचा. तो चांगलाच होता, पण त्यातलं हे दुसरं कलम गुरुजीनं कधी सांगतलं नाही.

आणि नक्कलवर काय आलं? निरंक.

साहेब, मले त्या टाईप करणाऱ्यावर राग नाही. त्याले मोडी येत नव्हतं, आणि समोरच्याले शेरा कधीच लागत नाही, त्यानं रोजच्यासारखं निरंक मारलं. पण एका बाईचं अख्खं आयुष्य होतं ना जी त्या निरंकात.

आता ती गेली कुठं हे समजलं, गावाचं नाव होतं, आमच्यापासून बारा कोस. पण कोणाकडं गेली ते नव्हतं, दुसऱ्या नवऱ्याचं नाव नव्हतं. आणि बाई शोधायची म्हणजे नवऱ्याच्या नावानंच शोधावी लागते, ही खरी अडचण. आपल्याकडं घरोघरच्या खानेसुमारीचे फॉर्म पाहायले भेटत नाहीत, कायद्यानं गुपित. मतदार यादी म्हणाल तर पहिल्या निवडणुकीच्या वेळेस, १९५१-५२ मध्ये, बाया स्वतःचं नाव सांगत नव्हत्या, अमक्याची माय, तमक्याची बायको एवढंच सांगायच्या, आणि देशभरात जवळपास २८ लाख बायायचे नावं त्यापायी यादीतून वगळावे लागले होते. मले वाटलं आमचीही त्यातच असेल.

शेवटी त्या गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भला माणूस, म्हणे मृत्यू रजिस्टर आहेत जुने, पेटीत, वाळवीपासून वाचले तेवढे, बसा आन पाहा. दिवसभर बसलो, त्यायनंच चहा पाजला. त्या नावाच्या म्हाताऱ्या तीन निघाल्या. एक १९४९, एक १९५६, एक १९६१. तिघींपुढं नवऱ्याचं नाव वेगळं, तिघींचं वय साठाच्या मागंपुढं. मृत्यूचा दाखला काढला असता तर तीन सारखे दाखले हातात आले असते, नाव, नवऱ्याचं नाव, तारीख, ठिकाण, नोंदणी क्रमांक. माही कोणती, हे त्या दाखल्यावरून ब्रह्मदेवालेही सांगता आलं नसतं.

पण रजिस्टरात एक रकाना असते जो दाखल्यावर येत नाही. खबर देणाऱ्याचं नाव व पत्ता. तो बी उजव्या कडेलेच.

१९६१ वालीच्या पुढं आमच्या आबाचं नाव होतं. पुरं. बापाच्या नावासकट, गावासकट. नातं: मुलगा. आणि खाली आबाची सही, ती मी ओळखतो, सोसायटीच्या पासबुकावर पाह्यलेली आहे, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढायचे ते.

मी ते पान किती वेळ पाहत बसलो माहीत नाही. ग्रामसेवक भाऊ म्हणे, सापडलं का? म्हणलं हो.

घरी आलो. बाबा ओसरीवर खाटेवर होते, तूर निवडून रायले होते सुपात. मी नाव सांगतलं. पाट सांगतला. मंग रजिस्टरातली सही सांगतली. बाबा काही बोलले नाही, तूर निवडत रायले. जरा वेळानं म्हणे, आबा दरसाल दिवाळीनंतर तिकडच्या बैलबाजारात जायचे. पायी. दोन रात्री मुक्काम. माय चिडायची की दरसाल जाता आन एक गोऱ्हा आणत नाही, मंग जाता कायले. आबा म्हणायचे, भाव पटला नाही. आणि एका वर्षापासून मंग गेलेच नाही, म्हणे आता पाय दुखतात. बाबानं मनात हिशोब केला, बोटं मोजली, स्वतःचं लग्न व्हायच्या आधी आठ-नऊ वर्षं. म्हणे, एकसष्टच असेल ते.

एवढंच झालं. आता तुमच्याकडचं मागणं सांगतो.

तुमच्याकडं सध्या स्कॅनिंगचं मोठं काम चालू आहे, चांगली गोष्ट आहे, मी स्वतः 'आपले अभिलेख'वरून लोकायले जुने फेरफार काढून देतो आणि एका चकरेचं भाडं वाचलं म्हणून ते मले दुवा देतात. पण मी ज्या हजारो प्रती हाताळतो त्यात सारखं दिसते की रजिस्टर मोठं असते, जाड असते, पुरं उलगडत नाही, आणि स्कॅन करणारं पोट्टं पानामागं पैसे मोजून घेणारं असते, मंग उजवी कड कापल्या जाते. डावीकडं नाव आहे, मध्ये जात आहे, झालं काम. शेरा गेला, खबर देणारा गेला. आणि मूळ कागदावर कसर पहिले कडेलेच लागते. म्हणजे कागदावर ते राहणार नाही आन स्कॅनमध्ये आलेलं नाही. तर जी, पान पुरं उलगडा. बांधणी सोडावी लागली तर सोडा, पुन्हा शिवता येते. रजिस्टरच्या पुठ्ठ्याचाही फोटो घ्या, त्याच्यावर साल आन मौजा असते, नाही तर पुढच्याले समजतच नाही की हे पान कोठचं.

दुसरं, २०२३ नंतर जिल्ह्याजिल्ह्याच्या साईटवर जुन्या नोंदी चढल्या, पण ज्यात कुणबी शब्द सापडला तेवढ्याच चढल्या. समितीचं कामच ते होतं, मी त्यात वाद घालत नाही. पण बस्ता सोडलाच होता, मोडी वाचणारा बसलाच होता, तर मागचं-पुढचं पान काहून सोडलं? त्या मानमोडीच्या पानावर एकामागं एक महार आहे, तेली आहे, माळी आहे, कोलाम आहे, मुसलमान आहे, पाटलाचं घरही आहे. ताप एकच, टिपक्या एकच. पान फाडून वेगळं करता येत नाही ते. निदान पुढच्या वेळी बस्ता सोडाल तर अख्खा वाचा.

तिसरं लहान आहे. नकलेच्या अर्जात कारणाच्या जागी 'कुटुंबाची माहिती' एवढं एक कारण चालवून घ्या. लोकायले खोटं लिहायले लावू नका. आणि महिन्यातून एक दिवस तालुक्याले मोडी वाचणारा बसवता आला तर पाहा, पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेते, नागपूरलेही त्यायचं अभिलेखागार आहे, तिथून शिकलेले पोट्टे-पोट्ट्या आहेत आणि काम शोधून रायले आहेत. शाळांचं तर मले भेवच वाटते, पट कमी झाला म्हणून शाळा बंद होतात, आणि दाखल खारीज कोणाच्या कपाटात गेलं ते गावात कोणाले माहीत नसते. मुख्याध्यापक साहेब, बदली झाली तर चार्ज यादीत त्या रजिस्टरायची नावं सालासकट लिहा, 'जुने रजिस्टर ७ नग' असं लिहू नका.

तुमच्यातले काही म्हणतील, सगळ्यायले सगळं दाखवलं तर गावागावात भांडणं लागतील, कोणाच्या घरचं काय निघेल. खरं आहे. माह्याच घरात निघालं. माह्या मोठ्या काकानं मले दोन महिने बोलणं टाकलं होतं, म्हणे मेलेली बाई उकरून काय भेटलं तुले, आता सोयरीक जुळवताना लोकं विचारतील. म्हणलं मोठेबाबा, ती मेलेली नव्हतीच ना, आपणच तिले त्रेचाळीस वर्षं आधी मारून ठेवलं. ते उठून गेले. नंतर आले, परवा. विचारून रायले होते की तिकडं तिचे दुसरे पोट्टे-नातू कोणी आहेत का. मी म्हणलं पाहून रायलो. जिवंत माणसायची माहिती जपा, मी त्याच्या आड येत नाही, कालपरवाचं मागत नाही. शंभर वर्षं झालेल्या पानाचं बोलून रायलो.

अजून एक, अभिलेख छाटणीचं. अ वर्गाचं कायम, ब चं ३० वर्षं, क चं १०, ड चं वर्षभर, हे नियम मले पाठ आहेत, जागा नाही हेही पाह्यलं आहे, रेकॉर्ड रूममध्ये छतापासून पाणी गळून रायलं होतं आन बाबूनं स्वतःच्या पैशाची ताडपत्री टाकली होती. पण छाटणीले बसाल त्या दिवशी गावातल्या कोणाले तरी बोलवा, जाळायच्या ढिगात एकदा हात घालू द्या. आम्ही चहा आणू.

ते मृत्यू रजिस्टर, १९६१ चं, त्या गावच्या पेटीत तसंच आहे. ग्रामसेवक भाऊले मी म्हणलं की प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, ते म्हणे फोल्डरले बजेट नाही. येत्या मंगळवारी मी फोल्डर, कडुलिंबाचा पाला आन गुरुजीले घेऊन जाणार आहे. बाबाही येतो म्हणतात. त्यायले ती सही पाहायची आहे.

आपला,
झेरॉक्सवाला, यवतमाळ जिल्हा